पिवळ्या गाडीचं छप्पर

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी तुझी पिवळी गाडी फोडली. ते चूक आहे. बाबांनी ती फोडलेली नाही. त्यांच्या हातून ती वितळली.

आमच्या लॅबमध्ये नोंद चुकली तर खाडाखोड करत नाहीत. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि खाली सही करायची. तुझ्याकडच्या पत्रात 'फोडली' या शब्दावर तेवढी रेघ मार. सही, तू ठेवलेल्या नावाने, या पत्राच्या शेवटी आहेच. त्या दिवशी आईने लॅबमध्ये फोन करून एवढंच सांगितलं होतं की "ह्यांनी तुझ्या दादाच्या गाडीचं पार वाटोळं केलं." मी घरी जाऊन बघायच्या आधीच तुला पत्र लिहून टाकलं. रक्ताच्या तपासणीत असं केलं असतं तर मला कामावरून काढलं असतं.

झालं ते असं. गेल्या रविवारी मी लॅबमध्ये असताना बाबांनी काचेचं कपाट उघडलं. तू गेल्यापासून ते कुणीच उघडलं नव्हतं. गाडीवर धूळ बसली होती आणि बॉनेटवर तू रंगवलेल्या ज्वाळांना एका बाजूने पोपडे आले होते. बाबा ती उचलून वर्कशॉपमध्ये घेऊन गेले, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि पुसायला लागले. तीस वर्षं ते लोकांच्या गाड्यांचा पत्रा असाच पुसत आलेत. पहिल्या हाताला चकाकी गेली, दुसऱ्या हाताला दाराची रेघ गेली, तिसऱ्या हाताला दारच गेलं. काय होतंय ते कळेपर्यंत गाडी फडक्याला चिकटली होती.

शेजाऱ्याची काच फोडलेल्या पोरासारखे, एक हात पाठीमागे लपवून घरी आले.

आई म्हणाली, "काय लपवताय?"

"काही नाही."

"मग ते काही नाही टेबलावर ठेवा."

टेबलावर जे ठेवलं त्याला चाकं होती, म्हणून गाडी म्हणायचं. आई बघतच राहिली. म्हणाली, "जगाच्या गाड्या सरळ करता, आणि घरातली एवढीशी सांभाळता आली नाही?" बाबा हात धुवायला गेले. जेवताना मला हळूच म्हणाले, "प्लास्टिकची होती?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

"मग इतकी वर्षं पत्र्यासारखी कशी दिसत होती?"

दादा, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मला वाटलं ते तुला हवं असेल.

फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि तिकडे बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. मला दोघांचाही ताण येतो. त्यापेक्षा पत्र बरं. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

बाबांची मोठी, खरी गाडी अजून शेडमध्येच आहे, ताडपत्रीखाली. तू कापलेलं तिचं छप्पर बाबांनी भिंतीला टेकवून ठेवलंय. विकलेलं नाही आणि परत जोडलेलंही नाही. त्यावर गंज चढू नये म्हणून दर महिन्याला तेलाचा हात मात्र मारतात. का ते मी विचारलेलं नाही.

तुझी,
फूटपट्टी


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

बाबांनी नवीन गाडी आणली. खोक्यातली, सुटे भाग जोडून करायची. तुझ्या गाडीसारखीच, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची.

अक्षर म्हटलं की बाबांना मी लागते, म्हणून खोक्यावरचं वाचायला मला बरोबर नेलं होतं. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?"

बाबा म्हणाले, "मुलासाठी."

"किती वर्षांचा आहे?"

"सव्वीस."

दुकानदाराने दोरीचं बंडल काढलं. खोका फार नीट बांधून दिला.

घरी आल्यावर जोडणीचा कागद उघडला, तर त्यावर एक अक्षर नाही. नुसती चित्रं, बाण आणि आकडे. मला वाचून दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. बाबांनी चष्मा लावून कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि मला म्हणाले, "हे बघा शाळामास्तर, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी पुस्तक छापलंय!" मी हसले. मग हसल्याचं वाईट वाटलं. पण ते माझ्यापेक्षा मोठ्याने हसत होते, तेव्हा चालेल असं धरलं.

सगळे भाग फांदीला शेंगा लागाव्यात तसे प्लास्टिकच्या काडीला लागलेले असतात हे तुला माहीत आहे. बाबांना नव्हतं. त्यांनी पहिली शेंग पिळून तोडली, ती आरशाची निघाली आणि मोडली. मग मी बारीक कात्री आणि चिमटा आणला. लॅबमधला नाही, विकत घेतला. गोंद ते बोटाने लावत होते, तर स्टिअरिंग अंगठ्याला चिकटलं आणि तसंच जेवायला बसले. आता मी सुईच्या टोकावर थेंब घेऊन देते, ते लावतात. हात त्यांचा तुझ्यासारखाच आहे. म्हणजे तुझा त्यांच्यासारखा.

इंजिन जोडून झाल्यावर ते हातात धरून बराच वेळ बघत बसले. "एवढ्याशा गाडीला एवढं मोठं इंजिन? हा माणूस जातो तरी कुठे?"

आई म्हणाली, "जात कुठेच नाही. नुसता आवाज करतो. काही माणसंही असतात तशी."

मग पुढची लहान चाकं आणि मागची मोठी चाकं लावून गाडी टेबलावर ठेवली. नाक जमिनीला, शेपूट वर. बाबांना ते अजिबात पटलं नाही. म्हणे, "ही काय वास घेत चाललीय?" मी त्यांना सांगितलं की हॉट रॉड अशीच असते, जुनी गाडी घ्यायची, पुढून वाकवायची, छप्पर बुटकं करायचं, इंजिन उघडं ठेवायचं, तू मला हे सगळं सांगितलं होतंस. तुझं नाव निघाल्यावर ते चष्मा पुसायला लागले. पण गाडी सरळ केली नाही. तशीच ठेवली, वास घेत.

वाईट बातमी एकच. दाराची मूठ चिमट्यात धरलेली असताना बाबांना शिंक आली. मूठ तांदळाच्या दाण्याहून लहान आहे. आम्ही तिघंही टॉर्च घेऊन जमिनीवर गुडघ्यांवर शोधत होतो. मिळाली नाही. हरवली, असंच धर.

तुझी,
फूटपट्टी


२० फेब्रुवारी

दादा, घाईत लिहिते. मूठ हरवलेली नाही. बाबांच्या भुवईत होती. सकाळी दाढी करताना सापडली. कालच्या पत्रात दुरुस्ती कर.


११ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यातल्या दोन माझ्या खोकल्याबद्दल. खोकला गेला.

पत्र आलं तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोठ्याने वाच गं, मला हल्ली कमी ऐकू येतं." आईला सगळं ऐकू येतं. मी मोठ्याने वाचलं. टीव्ही बंद झाला.

'बस बांधायच्या कारखान्यात बरं चाललंय. सध्या छपरं बसवायच्या कामावर आहे.' इथे बाबा खाकरले. मग, 'तो पिवळा बाजारात मिळत नाही, मी घरी केला होता. ट्रकचा पिवळा, त्यात थोडा तपकिरी आणि अगदी जरासा लाल. बाबांना सांग, शोधू नका.' आणि शेवटी, 'त्यांनी बोलावलं तर येईन.'

ही शेवटची ओळ मी जरा हळू वाचली. म्हणून आईने ती परत वाचायला लावली.

बाबांनी रात्री टीव्ही परत लावला नाही. सकाळी चहा पिताना म्हणाले, "त्याला जा कुणी म्हटलं होतं?"

आई म्हणाली, "तुम्हीच."

"मी 'डोळ्यांसमोरून जा' म्हटलं होतं. गाव सोडून जा म्हटलं नव्हतं."

"मग डोळ्यांसमोर ये, असं म्हणा की आता."

"त्याला घराचं दार माहीत नाही का?"

इथपर्यंत आलो आहोत. तू म्हणतोस बोलावलं तर येईन, ते म्हणतात आला तर कुणी अडवलंय. मला दोघांचंही बरोबर वाटतं, आणि त्यामुळे मला झोप लागत नाही.

आता पिवळ्याबद्दल. तुझं पत्र यायच्या आधीच बाबांनी रंग केला होता. त्या वितळलेल्या गोळ्याच्या पोटाशी, चाकाच्या आतल्या बाजूला, नखाएवढा जुना रंग वाचला होता. तो खिडकीत धरून बाबा थेंब थेंब मिसळत बसले. ट्रकचा पिवळा, थोडा तपकिरी. "अजून काहीतरी आहे यात," असं म्हणत तीन दिवस घालवले आणि शेवटी काडीच्या टोकावर लाल घेतला. तुझ्या पत्रात मी 'अगदी जरासा लाल' वाचलं, तेव्हा त्यांनी नुसती माझ्याकडे बघून मान हलवली. बक्षीस मिळाल्यासारखी.

थिनर मात्र आता घरात वर्ज्य आहे. त्यांनी स्वतःच बाटली माळ्यावर ठेवलीय, लहान मुलांपासून दूर ठेवतात तशी. घरात लहान मूल नाही.

तुझी,
फूटपट्टी


२८ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र सावकाश वाच. मी दोनदा लिहून काढलं आहे, कारण यातला शब्द इकडचा तिकडे व्हायला नको.

छप्पर कापायचा दिवस आला. तुझ्या पिवळ्या गाडीचं छप्पर बुटकं होतं, तेव्हा हिचंही करायचं, हे बाबांनी आधीच ठरवलं होतं. मोठ्या गाडीचं तू चार इंच कापलंस. पंचविसाव्या हिश्शाला ते चार मिलिमीटर आणि किंचित वर होतं. मी तो किंचितही सांगितला. बाबा म्हणाले, "तो किंचित तुझ्याजवळ ठेव."

त्यांनी छपराच्या चारही खांबांवर चिकटपट्टी लावून रेघा मारल्या, बारीक करवतीने चार मिलिमीटरचे तुकडे काढले आणि छप्पर खाली बसवलं.

बसेना.

मागचे दोन खांब जुळवले की पुढचे दोन मागे राहतात. पुढचे जुळवले की मागचे पुढे. बाबांनी उलटं धरून बघितलं, कापलेलं मोजलं, मला मोजायला लावलं. सगळं बरोबर. तरी खांबांची तोंडं एकमेकांना भेटत नव्हती. मग त्यांनी छप्पर खाली ठेवलं, टॉर्च घेतला आणि शेडमध्ये गेले. मी मागून गेले. त्यांनी मोठ्या गाडीवरची ताडपत्री काढली. तू गेल्यापासून ती पूर्ण काढलेली मी पहिल्यांदाच बघितली. खांबांच्या तोंडांवर मोजायची टेप धरली, मग भिंतीकडे जाऊन छपराला धरली. मग गाडीच्या पायरीवर बसले.

"खांब तिरके आहेत," म्हणाले. "पुढचा मागे झुकलाय, मागचा पुढे झुकलाय. खाली जावं तसं दोघांतलं अंतर वाढतं. छप्पर सरळ खाली आणलं की ते आखूड पडणारच. पोरगं सरळ कापत गेलं."

मी म्हटलं, "तुम्हीही आत्ता तसंच कापलंत, बाबा."

म्हटल्यावर मला वाटलं, नको होतं म्हणायला. पण ते म्हणाले, "हो. मीही तसंच कापलं. आणि मला कुणी ओरडलं नाही."

मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, जी तेव्हा त्यांनी ऐकून घेतली नव्हती. की तू आधी पिवळ्या गाडीवर करून बघितलं होतंस, आणि तिथे ते जमलं होतं. खांब गरम पाण्यात धरून जरासे वाकवले होतेस, आणि ते मुकाट्याने जुळले होते. म्हणून तर बाबा परगावी गेलेले असताना तू मोठीला हात घातलास. परत आल्यावर तुझ्याकडून त्यांना त्यांचीच गाडी नवीकोरी होऊन भेट मिळणार होती.

बाबांनी कापलेल्या खांबावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "म्हणजे प्लास्टिकने त्यालाही फसवलं आणि मलाही."

दादा, यापुढे ते जे म्हणाले ते मी जागच्या जागी पाठ केलं. म्हणाले, "चुकला नव्हता तो. अडला होता. अडलेल्याला मी चुकला म्हटलं."

मला रडू आलं. ते म्हणाले, "टॉर्च सरळ धर."

दुसऱ्या दिवशी उपायही त्यांनीच काढला. मॉडेलचं छप्पर मधोमध आडवं कापलं, दोन भाग एकमेकांपासून लांब सरकवले आणि मधल्या फटीत पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी बसवली. आता चारही खांब जुळतात. "छप्पर बुटकं करायचं तर आधी ते लांब करावं लागतं," असं आईला समजावत होते. आई म्हणाली, "मला काय सांगता, ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तुझी,
फूटपट्टी


९ एप्रिल

प्रिय दादा,

गाडी झाली. पिवळी आहे, ज्वाळा आहेत. ज्वाळा तुझ्याइतक्या चांगल्या नाहीत. त्या मी काढल्या, आणि माझ्या ज्वाळा सगळ्या एकाच उंचीच्या येतात. आई म्हणते ही जळती गाडी नाही, हे कुंपण आहे.

फक्त छपरावरची मधली पट्टी रंगवलेली नाही. पिवळ्या छपरावर पांढरा पट्टा तसाच दिसतो. मी बाबांना विचारलं, राहिलं का? म्हणाले, "राहिलं नाही, ठेवलंय. जोड कुठे घेतला ते दिसायला हवं. आधी बघू दे, मग रंगवू." कुणी बघायचं ते बोलले नाहीत. गाडी कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलावर ठेवलीय. आई तिच्याभोवतीने ताटं मांडते.

मोठ्या गाडीचंही काम निघालंय. त्या छपरालाही बाबांनी मधोमध कापून पत्र्याची पट्टी जोडली. आता ते खांबांवर बसवायचं आहे, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने गाडीत बसून छप्पर आतून वर रेटून धरायचं, दुसऱ्याने बाहेरून चारही खांबांना वेल्डिंगचे टाके मारायचे. शेजारचा वेल्डर स्वतःहून म्हणाला, मी येतो. बाबा म्हणाले, नको. त्याने कारण विचारलं तर म्हणाले, "तुझे हात आखूड आहेत." त्याचे हात आखूड नाहीत. तो रागावलाय.

आईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तू शिकलेली ना? मग अक्कल चालव. त्याला लिही, बाबांनी बोलावलंय. ह्यांना मी सांगते, तो येतो म्हणालाय. दोघं समोरासमोर आले की कोण विचारतंय कोण काय म्हणालं होतं!"

मी म्हटलं, "आई, माझ्याने नाही होणार. एकाच्या रक्ताची बाटली दुसऱ्याच्या नावावर लावल्यासारखं आहे ते."

"बरी होतात ना पण माणसं?"

"नाही होत, आई. औषध भलत्यालाच मिळतं."

"तुला शाळेत घातलं तेच चुकलं," म्हणाली, आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसली.

रात्रभर मी विचार केला. खोटं लिहायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही, तर मधे काय उरतं? सकाळी वर्कशॉपमध्ये गेले आणि सरळ विचारलं. 

"बाबा, दादाला कळवू का?"

ते पॉलिश पेपर घासत होते. घासणं थांबलं नाही. म्हणाले, "कळव."

"बोलावू?"

"बोलावू नकोस. कळव."

"काय कळवू?"

"छप्पर कधी बसतंय ते."

"तो म्हणेल, मला कशाला कळवलं?"

आता घासणं थांबलं. "कापलंय त्याने. बसतंय कधी ते त्याला माहीत असायला हवं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बसच्या छपरांना खांब सरळ असतात का तिरके, ते पण विचार."

दादा, मी दोन्ही करते आहे. बाबांनी तुला बोलावलेलं नाही. त्यांनी तुला कळवायला सांगितलं आहे. या दोन्हींतला फरक तुला माझ्याइतकाच कळतो, त्यावर मी माझ्याकडून एकही अक्षर घालत नाही. आणि बसच्या छपरांचं उत्तर पत्राने पाठवायचं की कसं, ते तू ठरव.

तू आला नाहीस तर छप्पर मी धरणार आहे. बाबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, तुला नाही जमायचं. मी परवा शेडमध्ये जाऊन उचलून बघितलं. उचलवतं, पण फार वेळ धरवत नाही, हात लगेच थरथरायला लागतात. बाबा म्हणतात, टाका मारताना छप्पर केसाएवढं हललं तरी सगळं पुन्हा कापावं लागेल. मला भीती वाटते. तरी मी लॅबमधून सुट्टी मागितली आहे आणि ती मिळाली आहे.

रविवार, एकवीस एप्रिल. सकाळी आठ वाजता मी मोठ्या गाडीत, चालवणाऱ्याची सीट मोकळी सोडून शेजारच्या सीटवर बसेन आणि दोन्ही हात वर करेन.

तुझी,
फूटपट्टी